'राज्यसंघ' की 'संघराज्य'? अमेरिकेच्या १७८१ आणि १७८७ च्या व्यवस्थांसाठी मराठी शब्द

प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांवर मराठीत लेख लिहितो आहे. 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन', म्हणजे तेरा राज्यांनी आपसात केलेला पहिला करार, त्यातल्या व्यवस्थेसाठी संघराज्य, राज्यसंघ, महासंघ असे तिन्ही शब्द वाचनात आले. त्यातला योग्य कोणता? आणि त्या काळातल्या 'प्रेसिडेंट'ला राष्ट्राध्यक्ष म्हणावं का?

उत्तर

'राज्यसंघ' घ्या आणि 'संघराज्य' हा शब्द १७८७ च्या राज्यघटनेसाठी राखून ठेवा. तत्पुरुष समासात शेवटचं पद प्रधान असतं. राज्यसंघ हा मुळात एक संघ आहे, राज्यं त्याचे सभासद. संघराज्य मात्र स्वतःच एक राज्य आहे. तेरा राज्यांचं त्या काळातलं सगळं भांडण याच दोन रचनांमधलं होतं, त्यामुळे इथे शब्दांची अदलाबदल झाली तर लेखाचा विषयच पुसला जाईल. 'महासंघ' मराठीत कामगार संघटना, खेळाच्या संघटना यांच्यासाठी इतका रुळला आहे की तो टाळावा.

कराराचा मजकूरच हे सांगतो. काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो १५ नोव्हेंबर १७७७ ला मान्य केला, पण अमलात आला १ मार्च १७८१ ला. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेकडच्या अफाट जमिनींवरचा हक्क सोडेपर्यंत मेरीलँड सही करायला तयार नव्हतं, आणि सगळ्या तेरांच्या संमतीशिवाय करार लागू होत नव्हता. त्याच्या दुसऱ्या कलमात प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व स्वतःकडे राखतं. तिसऱ्या कलमात या नात्याला मैत्रीची भक्कम युती म्हटलं आहे. युती हा तहाच्या भाषेतला शब्द आहे, राज्यकारभाराच्या नव्हे.

म्हणून १७८१ ते १७८९ या काळासाठी 'केंद्र सरकार' हा शब्दही वापरू नका. आपल्या लेखणीतून तो सवयीने उतरतो, पण तिथे केंद्र नव्हतं. राज्य मोठं असो की लहान, काँग्रेसमध्ये प्रत्येकाला एकच मत. महत्त्वाच्या ठरावाला नऊ राज्यं लागत आणि कराराच्या दुरुस्तीला सगळी तेरा. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. ती राज्यांकडे रकमेची मागणी पाठवी, त्याला 'रेक्विझिशन' म्हणत. याचं भाषांतर 'करवसुली' केलेलं दिसलं तर खोडा, इथे 'वर्गणी' हाच नेमका शब्द आहे. मंडळाने पावती फाडली तरी पैसे द्यायचे की नाही हे घरमालक ठरवतो, तसंच ते होतं. आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ द्या, अशी विनंती काँग्रेसने १७८१ मध्ये केली. ती एकट्या र्‍होड आयलंडने अडवली. १७८३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तो न्यूयॉर्कने अडवला.

पैसे नाहीत म्हणजे काय, हे जून १७८३ मध्ये दिसलं. थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला गराडा घातला. पेनसिल्व्हेनियाने संरक्षणासाठी आपली राखीव फौज बोलावली नाही, आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावं लागलं. पुढे अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क अशी ती फिरत राहिली. ब्रिटनशी झालेल्या तहाला मंजुरी द्यायची होती, तर त्यासाठी लागणारी नऊ राज्यांची हजेरी जमेपर्यंत जानेवारी १७८४ उजाडला. ज्या तहाने जगाने स्वातंत्र्य मान्य केलं, त्याच्या मंजुरीसाठी सभासद गोळा करावे लागत होते, ही गोष्ट लेखात जरूर घ्या.

'प्रेसिडेंट'बद्दल: त्या काळी हा बैठक चालवणारा माणूस होता. तीन वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त काळ कोणालाही ते पद मिळत नसे आणि कार्यकारी सत्ता त्याच्याकडे नव्हतीच. 'काँग्रेसचे अध्यक्ष' एवढंच लिहा. १७८१ मध्ये निवडले गेलेले जॉन हॅन्सन यांना काही जण पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणतात, तो गोंधळ एका शब्दामुळेच होतो.

शंका

पण भारताच्या संविधानात अनुच्छेद १ मध्ये 'राज्यांचा संघ' आहे. मग राज्यसंघ म्हटल्यावर मराठी वाचकाला भारतासारखीच व्यवस्था वाटणार नाही का?

उत्तर

शंका रास्त आहे, आणि हा प्रश्न संविधान सभेतही निघाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'युनियन' शब्द का घेतला ते सांगितलं. भारताचं संघराज्य घटकांनी आपसात केलेल्या करारातून जन्मलेलं नाही, आणि म्हणून कोणत्याही घटकाला बाहेर पडण्याचा अधिकार नाही. राज्यांना असा अधिकार नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावं लागलं, याची आठवणही त्यांनी तिथेच करून दिली. तेव्हा पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'करारावर उभा असलेला राज्यसंघ' असं लिहा. पुढे नुसतं राज्यसंघ चालेल.

आणखी एक प्रश्न

'नॅशनल गव्हर्न्मेंट'ला 'राष्ट्रीय सरकार' म्हणावं की 'संघीय सरकार'?

उत्तर

या शब्दावर तर राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेतच वाद झाला. आधीची पार्श्वभूमी थोडक्यात: सप्टेंबर १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला व्यापाराच्या प्रश्नावर परिषद बोलावली तर पाचच राज्यं आली. त्याच हंगामात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली. डॅनियल शेजच्या नावाने ओळखला जाणारा तो उठाव मोडायला काँग्रेसकडे फौज नव्हती. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले तेव्हा राज्याची फौज उभी राहिली.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाची परिषद सुरू झाली. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी आले, र्‍होड आयलंड आलंच नाही. सुरुवातीच्या ठरावात 'राष्ट्रीय सरकार' असे शब्द होते. २० जूनला कनेक्टिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी 'राष्ट्रीय' काढून 'संयुक्त संस्थानांचं (युनायटेड स्टेट्सचं) सरकार' म्हणा असं सुचवलं, आणि ते मान्य झालं. अधिकार तसेच राहिले, घाबरवणारा शब्द गेला. माझ्या मते त्या उन्हाळ्यातली ही फार महत्त्वाची तडजोड होती. परिषदेतले एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनीही जानेवारी १७८८ मध्ये लिहिलं की ही घटना धड राष्ट्रीय नाही, धड संघीयही नाही, दोन्हींचं मिश्रण आहे.

यात एक खाच आहे. तोवर 'फेडरल' म्हणजे तहाने, कराराने बांधलेलं. मजबूत सरकारच्या पुरस्कर्त्यांनी ते नाव स्वतःला लावलं आणि राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारे 'अँटिफेडरलिस्ट' ठरले. त्यांना हे नाव अन्यायाचं वाटे, ते मला पटतं. म्हणून त्यांना मराठीत 'संघविरोधी' म्हणू नका. ते राज्यसंघाच्या बाजूचेच होते. 'नव्या घटनेचे विरोधक' म्हणा.

घटनेच्या प्रस्तावनेचंही तसंच. ऑगस्टच्या मसुद्यात 'आम्ही' नंतर तेराही राज्यांची नावं एकेक करून होती. नऊ राज्यांच्या संमतीवर घटना लागू होणार आणि ती नऊ कोणती हे कोणालाच माहीत नाही, मग नावं कशी ठेवणार? सप्टेंबरमध्ये 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' झालं. जून १७८८ मध्ये, घटनेला संमती द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या परिषदेत, घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: 'आम्ही राज्ये' न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा हक्क यांना कोणी दिला?

तेव्हा १७८७ चे वाद सांगताना 'राष्ट्रीय' आणि 'संघीय' हे शब्द त्या त्या बाजूच्या तोंडीच ठेवा. १७८९ नंतर, वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यापासून, 'संघसरकार' बेधडक लिहा. तसंच १७८९ आधी 'राज्य' आणि नंतर 'घटकराज्य' असा भेद पाळला तर वाचकाला बदल आपोआप कळेल.

जुन्या मराठीतलं 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' हे अनेकवचन या काळासाठी उत्तम आहे. घटनेतल्या राजद्रोहाच्या कलमातही संयुक्त संस्थानांसाठी 'त्यांच्याविरुद्ध' असंच अनेकवचनी सर्वनाम आहे, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या दुरुस्तीतही 'त्यांच्या' हद्दीत असंच आहे. त्यामुळे तुमच्या लेखात 'संयुक्त संस्थानांनी ठरवलं' शोभेल, 'अमेरिकेने ठरवलं' शक्यतो टाळा.