‘एस अटर्नी’ : खटल्याच्या तीन दिवसांत शोक कधी करायचा? (अनुभव धागा)

जपानच्या कॅपकॉम कंपनीची ‘एस अटर्नी’ ही खेळमालिका २००१ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर सुरू झाली. शू ताकुमी यांनी लिहिलेल्या तिच्या पहिल्या तीन भागांचा संच २०१९ मध्ये संगणकावर आणि नव्या यंत्रांवर आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती प्रथमच खेळली. बोट रोखून ‘हरकत आहे!’ असे ओरडणारा निळ्या सूटमधला वकील फिनिक्स राइट, एवढीच तिची बाहेर ओळख आहे. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक प्रकरण एका प्रेतापासून सुरू होते, आणि त्या मृताचे कोणीतरी जवळचे माणूस न्यायालयातच बसलेले असते; कित्येकदा तर आरोपी म्हणून. खटला तीन दिवसांत निकाली काढायचा असल्याने शोक करायला कोणालाच सवड नसते. यांपैकी कोणाच्या दुःखात तुम्हाला आपले दुःख ओळखू आले आणि खेळताना काय झाले, ते लिहावे अशी विनंती आहे. शेवट उघड केल्याशिवाय याविषयी बोलता येणार नाही. ज्यांना रहस्य राखून खेळायचे आहे त्यांनी येथेच थांबावे. एकाच्या दुःखाची दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करू नये, एवढाच नियम आहे. वादाला मात्र हरकत नाही.

(१)

माझी ताई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्या भागातील दुसरे प्रकरण मी त्यानंतर दोन वर्षांनी, काहीच माहीत नसताना खेळले. फिनिक्स राइटची गुरू असलेली मिया फे आपल्याच कार्यालयात मरून पडलेली असते, तिची धाकटी बहीण माया तेथेच बेशुद्ध सापडते आणि खुनाचा आळ मायावरच येतो. कोठडीत भेटायला गेलेल्या फिनिक्सशी ती बोलते तेव्हा बहीण गेल्याचे दुःख आणि स्वतःची सुटका यांत तिला निवड करता येत नाही, कारण दोन्हींसाठी वेळ एकच आहे.

पुढच्या प्रकरणांत माया हसते, खाण्यावरून हट्ट करते, दूरचित्रवाणीवरच्या पोशाखी वीरासाठी वेडी होते. खेळणाऱ्या अनेकांनी यावर ‘ही किती लवकर सावरली’ अशी टीका केलेली मी वाचली आहे. मला हे वाक्य चांगलेच परिचयाचे आहे, कारण ताईनंतर चौथ्या महिन्यात मी मैत्रिणींबरोबर मोठ्याने हसले तेव्हा घरातल्याच एका व्यक्तीने ते मला ऐकवले होते. हसणारा माणूस सावरलेला असतो असा या टीकेचा पाया आहे आणि तो मुळातच कच्चा आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस माया कोणाला फारसे न सांगता आपल्या गावी साधनेसाठी निघून जाते, तेव्हा तिच्या मनात आपण फिनिक्सच्या काहीच उपयोगाचे नाही हा सल असतो. ताईचे कपाट आवरताना मला नेमके हेच वाटत होते : ती असती तर हे तिने किती नीट केले असते.

(२)

वरील लेखिकेचा अनुभव मनाला भिडला. तरीही मला या खेळाविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. फे घराण्यातील स्त्रियांच्या अंगात मृतात्मे येतात. माया किंवा तिची लहानगी मावसबहीण पर्ल यांनी बोलावले की मिया येते आणि अडलेल्या फिनिक्सला वाट दाखवते. माझे वडील गेल्यानंतर मी हा भाग खेळलो आणि मला राग आला. मेलेले माणूस दर खटल्याला सल्ला द्यायला येणार असेल, तर मग मृत्यूला अर्थ तो काय उरला? बँकेची कागदपत्रे कोठे ठेवली आहेत एवढा एकच प्रश्न वडिलांना विचारण्यासाठी मी काहीही दिले असते, आणि येथे हा वकील उलटतपासणीत अडखळला की त्याची गुरू हजर!

(३)

क्रमांक दोनच्या गृहस्थांना उत्तर म्हणून नव्हे, पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असावी. मिया मायाच्या अंगात येते तेव्हा माया तेथे नसते. म्हणजे फिनिक्सला मिया भेटते, न्यायाधीशांना भेटते, पण जिने तिला बोलावले त्या सख्ख्या बहिणीला तिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. बहिणींची समोरासमोर भेट घडायची तर मध्ये तिसरे कोणीतरी, म्हणजे पर्ल, असावे लागते. मायाने बोलावल्यावर मिया येते ती इतरांच्या कामासाठी, आणि बोलावणारीच्या पदरात काही पडत नाही, हा लेखकाने जाणूनबुजून ठेवलेला निर्दय नियम आहे असे मला वाटते. आई गेल्यावर मी भावंडांना, मामांना, शेजाऱ्यांना तिच्या आठवणी सांगत असे. सर्वांना बरे वाटे आणि मी मात्र कोरडीच राही. त्याचे कारण मला या नियमामुळे समजले.

(४)

मला फिनिक्सच्या विरोधात उभा राहणारा सरकारी वकील माइल्स एजवर्थ याच्याविषयी लिहायचे आहे, आणि ते थोडे लांबेल.

एजवर्थ नऊ वर्षांचा असताना, २८ डिसेंबर २००१ रोजी, भूकंपामुळे न्यायालयाची लिफ्ट बंद पडते. आत तो, त्याचे वकील असलेले वडील आणि एक न्यायालयीन कर्मचारी असे तिघे अडकतात. काही तासांनी प्राणवायू कमी पडू लागतो, दोघा मोठ्यांत झटापट होते, मुलगा भांडण थांबवण्यासाठी हाताला लागलेली वस्तू फेकतो, आणि ती वस्तू पिस्तूल असते. गोळी सुटते, किंकाळी ऐकू येते, मुलगा बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा वडील मेलेले असतात. पुढची पंधरा वर्षे त्याला एकच स्वप्न पडते, आणि आपणच वडिलांना मारले ही शंका तो कोणाजवळही बोलत नाही. वडिलांसारखा बचावाचा वकील व्हायचे सोडून तो सरकारी वकील होतो आणि आरोपींना निर्दयपणे शिक्षा मिळवून देतो. माझ्या मते त्या आरोपींच्या जागी तो रोज स्वतःलाच उभे करत असतो.

मी दहा वर्षांचा असताना एका सकाळी वडिलांशी भांडलो, ‘मला तुमच्याशी बोलायचे नाही’ असे म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. माझ्या बोलण्यामुळेच ते गेले असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. हे हास्यास्पद आहे हे मोठेपणी कळत होते, पण त्या कळण्याचा काहीच उपयोग होत नव्हता.

खेळात सत्य बाहेर येते ते एका विलक्षण क्रमाने. फिनिक्स चक्क एका पोपटाची उलटतपासणी घेतो, आणि शेवटी धातुशोधकाच्या साह्याने सरकारी वकील मॅनफ्रेड व्हॉन कार्मा याच्या खांद्यात पंधरा वर्षे रुतून राहिलेली गोळी सिद्ध करतो. मुलाने फेकलेल्या पिस्तुलाची गोळी लिफ्टच्या दारातून त्याला लागली होती, आणि दार उघडल्यावर त्यानेच त्या पिस्तुलाने वडिलांना मारले होते. हे सारे घडते त्या गुन्ह्याचा खटला भरण्याची मुदत संपण्याच्या दिवशी. खुनाच्या खटल्यासाठी पंधरा वर्षांची मुदत हा त्या वेळच्या जपानी कायद्यातला खराखुरा नियम होता. पुढे ती वाढवण्यात आली आणि २०१० मध्ये अशा खुनांसाठी रद्दच झाली. ‘मुदत संपली’ हा शब्दप्रयोग मी दुःखासंबंधी इतक्यांदा ऐकला आहे की तो कायद्याच्या पुस्तकातला आहे हे वाचून मला हसू आले.

सत्य कळल्यावर एजवर्थ मोकळा होईल असे मला वाटले होते. तसे होत नाही. आपण मृत्यू पत्करत आहोत अशी चिठ्ठी मागे ठेवून तो नाहीसा होतो, आणि दुसऱ्या भागाच्या अखेरच्या प्रकरणात परत येईपर्यंत फिनिक्सला त्याचे नावही सहन होत नाही. अनेकांना हे ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. मला ते सर्वांत खरे वाटले. मी सव्वीस वर्षांचा असताना आत्याने मला सहज बोलता बोलता सांगितले की वडिलांना त्यापूर्वी दोन झटके येऊन गेले होते आणि मुलांना सांगायचे नाही असे ठरले होते. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी पुढचे काही आठवडे मला काय करावे ते सुचेना, कारण माझा अबोल स्वभाव, माझा अतिरेकी नेमस्तपणा, सगळे त्या एका अपराधावर उभे होते आणि तो अपराधच काढून घेतला गेला होता.

(५)

थोडक्यात लिहिते. दुसऱ्या भागातील सर्कशीच्या प्रकरणात रेजिना नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. तिच्या वडिलांचा खून झाला आहे आणि ‘बाबा आकाशात तारा झाले’ असे ती आनंदाने सांगत फिरते. तिच्या एका थट्टेमुळे अ‍ॅक्रो या कसरतपटूचा भाऊ सिंहाच्या तोंडात सापडून कायमचा बेशुद्ध झालेला असतो, आणि तिला त्याचे काहीच वाटत नाही हे पाहून अ‍ॅक्रोचा संयम सुटतो. तो सापळा रचतो तो रेजिनासाठी. मरतात मात्र तिचे वडील, ज्यांचे अ‍ॅक्रोवर उपकार होते. हे प्रकरण मालिकेतले सर्वांत कंटाळवाणे म्हणून बदनाम आहे आणि त्यातील विदूषकाची साक्ष खरोखरच असह्य आहे. पण माझ्या मुलाला त्याच्या आजोबांविषयी मीही ताऱ्याचीच गोष्ट सांगितली होती. खेळ संपवल्यानंतर त्याच आठवड्यात मी त्याला खरे काय ते सांगितले. तो म्हणाला, ‘मला माहीत होते, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.’

(६)

तिसऱ्या भागातील सरकारी वकील गोडो प्रत्येक खटल्यात जास्तीत जास्त सतरा कप कॉफी पितो, मुखवटा घालतो आणि फिनिक्सचे नाव मुद्दाम चुकीचे घेतो. मी त्याला बराच काळ विनोदी पात्र समजत होतो. तो पूर्वीचा डिएगो आर्मांडो, मियाचा सहकारी आणि प्रियकर. डाहलिया हॉथॉर्नने दिलेल्या विषामुळे तो पाच वर्षे बेशुद्ध होता, आणि जागा झाला तेव्हा मिया जगात नव्हती. तिला वाचवले नाही म्हणून तो फिनिक्सचा द्वेष करतो. वास्तविक ती गेली तेव्हा झोपलेला होता तो स्वतः.

माझा मित्र गेला तेव्हा मी परदेशात होतो. परत आल्यावर त्याच्या धाकट्या भावाला मी विचारले, ‘तू त्याला त्या रात्री गाडी का चालवू दिलीस?’ हा प्रश्न मी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला. गोडोचा शेवटचा कबुलीजबाब ऐकल्यावर मी त्या भावाला दूरध्वनी केला. क्षमा मागता आली नाही. त्याच्या परीक्षेविषयी बोललो. पुढच्या वेळी मागितली.

गोडोनेच फार पूर्वी मियाला सांगितलेले असते की सर्व काही संपल्यावरच वकिलाने रडावे. मला हे वाक्य पूर्वी फार थोर वाटत असे. आता वाटते, ‘संपले’ हे ठरवणार कोण?

(७)

२०१३ च्या पाचव्या भागातील तरुण वकील अपोलो जस्टिसचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. संकटात ‘मी ठीक आहे!’ असे ओरडायची त्याची सवय सर्वांना थट्टेची वाटते. ती सवय शाळेच्या दिवसांतली आहे, जेव्हा त्याचा मित्र क्ले टेरन याची आई गेली होती आणि दोघे मिळून असे ओरडत असत. पुढे क्लेचाच खून होतो. अपोलो कार्यालयातून रजा घेतो, एका डोळ्यावर पट्टी बांधतो आणि आपली सहकारी अथिना हिच्यावर संशय घेऊ लागतो. तिच्यावर विश्वास ठेवायची इच्छा असतानाही. शोकाचे असे रूप मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे. पत्नी गेल्यानंतर मी डॉक्टरांवर, औषध देणाऱ्यावर, स्वतःच्या सख्ख्या बहिणीवर संशय घेतला, आणि कोणी विचारले की ‘मी ठीक आहे’ असेच म्हणालो.

(८)

याच मालिकेतील ‘द ग्रेट एस अटर्नी’मध्ये, मेइजी काळातील जपानहून लंडनला निघालेल्या जहाजावर काझुमा आसोगी हा तरुण वकील मरण पावतो आणि त्याचा मित्र र्‍यूनोसुके नारुहोदो त्याची तलवार कमरेला लावून त्याच्या जागी लंडनला जातो. वाटेत काझुमाची सहायक सुसातो त्याला कायदा शिकवते. तिलाही रडायचे असते, पण बोट किनाऱ्याला लागण्यापूर्वी अभ्यास पुरा व्हायला हवा. माझ्या सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे अर्धवट काम माझ्याकडे आले होते, त्याच्या हस्ताक्षरातल्या टिपांसह, आणि त्या टिपा वाचत मी ते काम शिकलो. म्हणून हा भाग मी जवळजवळ रोज खेळत होतो.

दुसऱ्या खंडात काझुमा जिवंत निघतो. स्मृती हरवलेला, मुखवटा घातलेला. मी यंत्र बंद केले आणि आठ महिने हात लावला नाही. लेखकाने माझी फसवणूक केली असे वाटले, आणि क्रमांक दोनच्या गृहस्थांची तक्रार मला पूर्णपणे पटते. नंतर खेळ पूर्ण केला, कारण काझुमा परत आल्यावर त्याची जागा घेतलेल्या माणसाचे काय होते ते मला पाहायचे होते. कार्यालयात मी अजून माझीच जुनी खुर्ची वापरतो. त्याची खुर्ची अधिक चांगली आहे आणि पाठदुखीमुळे डॉक्टरांनी तशीच खुर्ची घ्यायला सांगितले आहे; पुढच्या महिन्यात बदलीन असे गेल्या महिन्यातही म्हणालो होतो.