जिन्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी: ट्यूब्युलर की सीलबंद?

सेक्रेटरी: मंडळी, काल रात्री लाइट गेली तेव्हा जिन्यातले दिवे जेमतेम वीस मिनिटं टिकले. दोन बॅटऱ्या आहेत, सीरिजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून. बदलायच्या तर कोणत्या?

ए-२०४: सरळ सीलबंद आणा. पाणी टाकायची कटकटच नको.

बी-१०१: माझ्या जुन्या गाडीची पडून आहे. तीही १२ व्होल्टचीच ना?

सी-३०२: नको रे बाबा! गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ. स्टार्टर मारताना क्षणभर दणकून करंट द्यायचा, मग अल्टरनेटर लगेच भरून काढतो. तिच्यावर तासन्‌तास दिवे जाळून तिला रोज तळाला नेलीस तर प्लेटांवरची पेस्ट झडून खाली गाळ साचेल. ट्यूब्युलरमध्ये पॉझिटिव्ह प्लेटची पेस्ट नळ्यांत कोंबलेली असते, ती सहजी झडत नाही.

ए-२०४: काका, सीलबंदचं बोला ना.

सी-३०२: बोलतो. सीलबंदचे दोन प्रकार, एजीएम आणि जेल. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. करंट झटपट देते, झटपट घेते, म्हणून यूपीएसला उत्तम. जेलमध्ये सिलिका घालून ॲसिड घट्ट केलेलं. ती खोल डिस्चार्ज बऱ्यापैकी सोसते, पण चार्जरने व्होल्टेज जास्त दिलं की जेलमध्ये पोकळ्या पडतात, त्या पुन्हा भरत नाहीत. आणि आपली बॅटरी पत्र्याखाली! २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. उष्णता सगळ्यांनाच बाधते, पण सीलबंदमधलं उडालेलं पाणी परत घालता येत नाही. आधी झाकणं उघडून बघा कोणीतरी.

सेक्रेटरी: बघून आलो. एकीचे तीन खण कोरडे, प्लेटा उघड्या पडल्यात 😬

सी-३०२: वाटलंच. प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड अजिबात नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा, तासभर आणखी चार्ज करा, मग हायड्रोमीटर लावा, म्हणजे प्रत्येक खणातल्या ॲसिडची घनता कळेल.

(दुसऱ्या दिवशी)

सेक्रेटरी: त्या बॅटरीत पाच खण १२४०, एक ११२०. दुसरीचे सगळे १२४०.

सी-३०२: एक खण मेलाय. बाकीच्यांच्या मानाने त्याचा आकडा फारच खाली आहे.

बी-१०१: मग मेलेली तेवढी बदलू, पैसे वाचतील.

सी-३०२: तिथेच सगळे फसतात. सीरिजमध्ये दोघींतून करंट एकच. जुनीची क्षमता कमी, म्हणून ती आधी भरते आणि नवी भरेपर्यंत उकळत बसते. उतरतानाही आधी तीच संपते. जोडी एकदमच बदला.

सेक्रेटरी: ठीक, दोन्ही ट्यूब्युलर. पण महिन्याला पाणी कोण बघणार?

ए-२०४: 🙈

बी-१०१: मी बघतो. काका, पहिल्यांदा तुम्ही दाखवा.

सी-३०२: रविवारी ये. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. आणि सिगरेट बाहेर विझवून ये, चार्जिंग चालू असताना हायड्रोजन सुटतो.