एका संत्र्याची दोन संत्री: गणित निसर्गाचं की आपलं?

सीताबर्डीकर:
1924 चं बानाख-तार्स्की प्रमेय घ्या. भरीव गोळ्याचे पाच तुकडे करा, नुसते फिरवा, सरकवा, जोडा. तेवढ्याच मापाचे दोन भरीव गोळे तयार! सिद्धतेत खोट नाही. मग नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांच्या एका ढिगाचे दोन ढीग का होत नाहीत? माझं म्हणणं, गणित आपला खेळ आहे. जुळलं ते निसर्गाचं म्हणायचं, उरलेलं गुंडाळून ठेवायचं.

गच्चीवरची दुर्बीण:
भाऊ, ते तुकडे म्हणजे फोडी नव्हेत. ते इतके विस्कटलेले बिंदुसंच आहेत की त्यांना घनफळच नाही. शून्य नव्हे, नाहीच. म्हणून दुपटीचा हिशेब अडत नाही. शिवाय त्याला अनंत बिंदू लागतात आणि निवडीचं गृहीतक, म्हणजे अनंत संचांतून प्रत्येकी एक घटक एकदम निवडता येतो हे मानणं. दीडशे ग्रॅमच्या संत्र्यात अणू सुमारे 10 चा 25 वा घात, म्हणजे सांतच, कुठेतरी संपणारे. प्रमेय त्याला लागूच होत नाही.

सीताबर्डीकर:
हाव ना! पण संत्रं अणूंचं आहे हे प्रमेयाने सांगितलं का? ते प्रयोगाने कळलं.

उमरेड रोड:
प्रयोग दर वेळी आधी येत नाही. 20 मीटर उंच गच्चीवरून चेंडू सोडा, गुरुत्वत्वरण 10 धरा. अंतर म्हणजे त्वरणाची निम्मी पट गुणिले वेळेचा वर्ग, म्हणून वेळेचा वर्ग 4. उत्तरं अधिक 2 आणि उणे 2 सेकंद. उणे 2 आपण डोळे मिटून खोडतो. पण दोन सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला 20 मीटर वेगाने वर फेकलेला चेंडूही शून्याव्या सेकंदाला गच्चीपाशी क्षणभर थांबलेला असतो. चेंडू कुणी सोडला की खालून आला, हे समीकरणाला ठाऊक नाही. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने इलेक्ट्रॉनच्या आपल्या 1928 च्या समीकरणातली उणे ऊर्जेची उत्तरं खोडली नाहीत. आधी त्यांना प्रोटॉनशी जोडून पाहिलं, ते वस्तुमानात बसेना. 1931 मध्ये त्याने नवा कण सुचवला आणि 1932 मध्ये अँडरसनला प्रयोगात तो दिसला: पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन.

सीताबर्डीकर:
आणि व्हल्कन ग्रहाचं काय? खगोलशास्त्रज्ञ ल व्हेर्येने युरेनसच्या चळण्यावरून 1846 मध्ये नेपच्यूनची जागा सांगितली, ग्रह सापडला. तीच रीत बुधाला लावून 1859 मध्ये आणखी एक ग्रह, व्हल्कन, सुचवला, तो नव्हताच. आकडेमोड बरोबर, न्यूटनचा नियम अपुरा.

गच्चीवरची दुर्बीण:
बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकाला 43 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) जास्त सरकतो. त्या 1915 मध्ये आइनस्टाइनने जुळवल्या, त्या रीमानच्या 1854 च्या वक्र अवकाशाच्या भूमितीवर. ती काय बुधासाठी रचली होती?

सीताबर्डीकर:
बुधासाठी नाही, पण हवेतूनही आली नाही. रीमानचे गुरू गाउस. ते जर्मनीतल्या हॅनोवरची जमीन मोजत. नागपूर जिल्ह्याएवढा, 9,900 चौरस किलोमीटरचा त्रिकोण पृथ्वीवर आखा. पृष्ठभाग वक्र, म्हणून कोनांची बेरीज 180 अंशांवर सुमारे 50 विकला जास्त भरते.