मदत हवी आहे: बायोमेडिकलच्या मुलांचं संवादकौशल्य तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मुंबईत बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. मुलं ईसीजीचं सर्किट झटपट लावतात, पण आयसीयूतल्या सिस्टर 'इन्फ्युजन पंप (नळीतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं मशीन) सतत वाजतोय' म्हणाल्या की थेट मशीन उघडायला निघतात. नळी दुमडली आहे का, अलार्म कोणता, हे आधी विचारायला नको का?

हे शिकवता येतं, पण मार्क कसे द्यायचे? ग्रुप प्रोजेक्टमध्ये राबतो एक आणि मार्क सगळ्यांना सारखे. एनबीएच्या (इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) प्रोग्रॅम आउटकम्समध्ये, म्हणजे पदवी घेताना मुलांना काय यायला हवं त्या यादीत, टीमवर्क, संवाद, नैतिकता सगळं आहे. लेखी पेपरात ते पकडता येत नाही.

मुलांनी एकमेकांना मार्क देण्याची पद्धत कुणी वापरली आहे का? मैत्रीखातर मार्क वाटले जाऊ नयेत म्हणून काय करता? हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागातल्यांनीही सांगा, नव्या मुलांत नेमकं काय कमी पडतं? रुब्रिकचा (मार्क देण्याच्या निकषांच्या तक्त्याचा) नमुना असेल तर प्लीज पाठवा.