यंदाचं सोसायटीचं जेवण आणि मागच्या वर्षीचा रिसोट्टो

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना नमस्कार. यंदाचं एकत्र जेवण पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी १ वाजता. मतदानात इटालियन जिंकलं. आतापर्यंत २८ नावं आली आहेत. सूचना आज रात्रीपर्यंत लिहाव्यात. मध्येच फॉरवर्ड टाकू नयेत.

बी-२०३ काकू: इटालियन चालेल. पण मागच्यासारखं नको बाई.

डी-५०२: मागच्या वेळी काय झालं होतं? आम्ही नवीन आहोत.

बी-२०३ काकू: रिसोट्टो झाला.

मी: मीच सांगतो, बुकिंग माझ्या गळ्यात होतं. आम्ही २६ जण, लांबच्या लांब टेबल, आणि प्रत्येकाने आपापलं मागवलं. त्यात एकाने रिसोट्टो, म्हणजे इटालियन दाट भात, म्हटलं आणि ते ऐकून पुढच्याने, असं करत ११ रिसोट्टो झाले. ए-१०२ च्या काकांचा पिझ्झा पावणेदोनला आला, समोर बसलेल्या सूनबाईंचा रिसोट्टो सव्वादोनला. मधला अर्धा तास काका पिझ्झाकडे बघत बसले. एकट्याने सुरुवात कशी करायची! शेवटी काट्याने टोक उचललं तर चीजचा अख्खा थर इस्त्री केलेल्या रुमालासारखा एका तुकड्यात वर आला.

ए-१०२ काका: तो रुमाल मी खाल्ला. नोंद असावी.

खजिनदार: आणि बिलाचं काय झालं तेही लिहा की.

मी: त्यावर येतोच आहे, साहेब.

सी-४०१ ताई: मी ४ वर्षं इटालियन किचनमध्ये काढलीत, म्हणून लिहिते. त्या दिवशी निम्मी चूक त्यांची होती, निम्मी आपली. रिसोट्टोचा तांदूळ, मग तो आर्बोरिओ असो की कार्नारोली, आधी बटरमध्ये परततात आणि मग गरम स्टॉक (भाज्या किंवा चिकन उकळलेलं पाणी) थोडा थोडा घालत १६ ते १८ मिनिटं शिजवतात. दाण्यातला स्टार्च सुटतो, त्याचा तो दाटपणा. क्रीम लागतच नाही. बरीच किचन्स तो आधी अर्धा-पाऊण शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुरा करतात. पण शेवटचा हात प्रत्येक पॅनवर वेगळाच फिरवावा लागतो. आमच्या शेगडीला ६ बर्नर होते. त्यातले २ सॉसमध्ये अडकले की ११ रिसोट्टो म्हणजे ३ फेऱ्या. पहिल्या फेरीतल्या ताटल्या बाकीच्यांसाठी काउंटरवर थांबल्या की भात सगळा ओलावा पिऊन घट्ट होतो. मग चमचा उभा राहतो त्यात.

बी-२०३ काकू: माझा राहिला होता. फोटो आहे.

सी-४०१ ताई: म्हणून सांगते, एवढ्या लोकांना मधोमध ठेवून वाढून घेता येईल असंच मागवायचं. लझानिया, म्हणजे पास्त्याच्या पट्ट्या आणि सॉसचे थर, सगळ्यात सोयीचा. ट्रेमध्ये भाजतात, आणि ओव्हनमधून काढल्यावर १०-१५ मिनिटं बसू द्यावाच लागतो, नाहीतर कापताना थर घसरतात. म्हणजे उशीर झाला तर बिघडत नाही, उलट बरंच. वांग्याचा पार्मिज्याना, म्हणजे वांग्याच्या कापांचे थर, तसाच. पास्ता हवा तर पेने किंवा रिगातोनी, म्हणजे नळीसारखा, सांगा. स्पॅगेटी पाच मिनिटं थांबली की तिचा गुंता होतो, मग वाढणारा उभा राहतो आणि अख्खा गोळा उचलतो.

ई-१०१: पण पास्ता अल देंतेच हवा. खरा इटालियन.

सी-४०१ ताई: हो दादा, दाताला जरा लागेल असा. त्यासाठी पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा हवा. वाळवलेला पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असा इटलीत १९६७ पासून कायदाच आहे. पण मोठ्या बाउलमधला पास्ता टेबलावर येईपर्यंत सॉसमध्ये शिजतच राहतो. किचनला सांगायचं, एक मिनिट आधी उतरवा.

ई-१०१: आणि अल्फ्रेडो नको. क्रीमवाला अल्फ्रेडो इटालियन नाहीच मुळी. रोमच्या अल्फ्रेडो दी लेलिओचं ते फेत्तुचिने (पट्टीसारखा पास्ता) फक्त बटर आणि पार्मेझानचं होतं. सीझर सॅलडही नको, ते मेक्सिकोत तिहुआनाला जन्मलं, १९२४ मध्ये.

ए-१०२ काका: मग गार्लिक ब्रेडला व्हिसा आहे का?

बी-२०३ काकू: पोरांना अल्फ्रेडो आवडतो. अल्फ्रेडो येणार.

एफ-४०४: पिझ्झा किती? मी हिशोब केलाय. ८ इंची दोन स्वस्त पडतात १२ इंची एकापेक्षा. सगळे ८ इंचीच घेऊ.

जी-२०१ (इंजिनीअर): थांबा. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. ८ इंची एक म्हणजे ५० चौरस इंच, दोन म्हणजे १००. १२ इंची एकटा ११३. दोन छोटे घेऊन कमीच हातात येतं.

एफ-४०४: पण कडा जास्त मिळते ना? मला कडा आवडते.

जी-२०१ (इंजिनीअर): कडा जास्त मिळते. ५० इंच विरुद्ध ३८. मान्य.

ए-१०२ काका: कडा सगळी एफ-४०४ ला. विषय संपला.

सी-४०१ ताई: पिझ्झा एकदम १० मागवू नका, २-२ करून मागवा. नापोली पद्धतीचा असेल तर साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. मध्यभाग मऊ आणि ओलसर राहतो, तो लगेच खायचा असतो. दोन आले की सगळ्यांना एकेक तुकडा, तोवर पुढचे दोन. कोणाच्याच ताटलीत रुमाल होणार नाही.

डी-५०२: आमच्या घरात सगळे शाकाहारी. मार्गेरिटा आणि पेस्टो पास्ता बिनधास्त चालेल ना?

सी-४०१ ताई: बिनधास्त नाही, विचारून. अस्सल पार्मिज्यानो रेज्जानो, म्हणजे खरं पार्मेझान, वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध फाडणारा अर्क) बनवतात, त्यांच्या नियमावलीतच तसं आहे. ग्राना पादानो चीजमध्येही प्राण्याचंच रेनेट. पेकोरिनो रोमानो चीजला कोकराचं. पेस्टोत, म्हणजे त्या बेसिलच्या हिरव्या चटणीत, यातलंच चीज पडतं. मायक्रोबियल रेनेटची चीजं मिळतात, काही हॉटेलं तीच वापरतात, पण मेनूवर हिरवा ठिपका बघून कळत नाही. मोझरेलाचंही विचारा.

डी-५०२: अरे देवा. आम्ही इतकी वर्षं वरून भुरभुरून खातोय.

सी-४०१ ताई: सूपमधला स्टॉक चिकनचा आहे का तेही विचारा, रिसोट्टोतलाही. सीझरच्या ड्रेसिंगमध्ये बहुतेक वेळा अँचोव्ही, म्हणजे मासा. पुत्तानेस्का सॉसमध्येही. आणि गोडातला पन्ना कोत्ता जिलेटिनने सेट होतो, तेही प्राण्याचंच.

बी-२०३ काकू: मग गोडात काय राहिलं? तिरामिसू?

सी-४०१ ताई: त्यात कच्चं अंडं असतं काकू. मास्करपोने चीज तेवढं चालतं, ते रेनेटने नाही, आंबटाने फाडतात. पण अंड्याचं विचारा, बी विंगच्या आजी आहेत आणि सी-१०३ ला सातवा महिना आहे. त्यात कॉफीही असते, म्हणजे पोरांनी दुपारी खाल्लं तर रात्री १ पर्यंत पार्किंगमध्ये क्रिकेट.

एच-३०३: जेलातो, इटालियन आइस्क्रीम. प्रश्न मिटला.

सी-४०१ ताई: दूध-अंड्याचं विचारून, पण हो. सोर्बे तर बहुतेक फळ, पाणी आणि साखरेचंच.

खजिनदार: आता बिल. मागच्या वेळी समान वाटणी झाली. आजींनी सूप आणि दोन पावाचे तुकडे खाल्ले आणि ई विंगच्या वाइनचे पैसे भरले. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर ४ महिने मला लिफ्टमध्ये ओळख दाखवली नाही.

ई-१०१: वाइन एकच बाटली होती.

खजिनदार: तीन. बिल माझ्याकडे आहे.

सी-३०२: अर्थशास्त्र शिकवते, राहवत नाही म्हणून लिहिते. यावर प्रयोग झालाय, इस्रायलमध्ये, २००४ मध्ये छापून आला. रेस्टॉरंटात ६-६ जणांची टेबलं. काहींना सांगितलं आपापलं भरा, काहींना समान वाटणी. समान वाटणीवाल्यांनी सरासरी एक-तृतीयांशाहून जास्त रकमेचं मागवलं. आणि पुढची गंमत ऐका, आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना आपापलं भरणंच हवं होतं. म्हणजे कोणालाच नको असलेली पद्धत आपण संकोचापायी चालवतो.

ए-१०२ काका: ताई, हे ई विंगला समजेल अशा भाषेत सांगा.

सी-३०२: फुकटचं वाटलं की हात सैल सुटतो.

खजिनदार: माझा प्रस्ताव. सेट मेनू आधी ठरवायचा, माणशी एकच रक्कम, १२ खालच्या मुलांना निम्मी. पेयं आणि मधेच सुचलेलं काहीही ज्याचं त्याचं, वेगळ्या बिलावर. पैसे जेवणाआधी. जेवणानंतर नाही.

मी: सेट मेनूला माझं अनुमोदन. फक्त नावं नीट द्या. ‘बहुतेक येऊ’ हे नाव नाही. मागच्या वेळी २२ सांगितले आणि २६ आलो, चार खुर्च्या दुसऱ्या टेबलावरून ओढून आणाव्या लागल्या. त्या टेबलावरची माणसं परत आली तेव्हा काय झालं ते इथे लिहीत नाही.

जी-२०१ (इंजिनीअर): मी म्हणतो बाहेर कशाला जायचं? हॉलमध्येच करू. ‘ओस्तेरिया’ म्हणजे मुळात वाइन मिळण्याची जागा, जेवण लोक आपलं आपण घेऊन यायचे. इटलीत बोलोन्याला ओस्तेरिया देल सोले आहे, १४६५ पासूनची. तिथे आजही फक्त पेयंच मिळतात, खाणं आपलं आपण न्यायचं. आम्ही ब्रेड आणि चीज कागदात बांधून नेलं होतं, शेजारच्या म्हाताऱ्यांनी न विचारता ऑलिव्ह पुढे सरकवले.

बी-२०३ काकू: म्हणजे स्वयंपाक परत आम्हीच करायचा आणि त्याला इटालियन म्हणायचं.

जी-२०१ (इंजिनीअर): तसं नव्हतं म्हणायचं.

सी-३०२: तसंच होतं.

सेक्रेटरी काका: हॉलचा विषय पुढच्या वर्षी. आता ठरलं ते असं. सेट मेनू. आधी भाज्यांचं अँटिपास्ती (सुरुवातीचं खाणं) मधोमध, पिझ्झा १२ इंची, दोन-दोन करून, लझानिया एक शाकाहारी आणि एक मांसाहारी ट्रे, पेने, पोरांसाठी अल्फ्रेडो, जेलातो. चीज, स्टॉक आणि अंड्याची चौकशी सी-४०१ ताई फोनवर करतील. बुकिंग मागच्या वेळचेच गृहस्थ करतील, त्यांना आता अनुभव आहे. रिसोट्टो नाही.

मी: आभारी आहे.

तळमजला आजोबा: मला रिसोट्टो हवा. दात नाहीत मला, तुमच्या त्या कडा काय करू?

सी-४०१ ताई: आजोबा, एकाला काही अडचण नाही. टेकल्या टेकल्या सांगायचं, २० मिनिटांत येईल. केशराचा सांगते तुम्हाला.

सेक्रेटरी काका: ठीक. रिसोट्टो १, विशेष बाब म्हणून.

बी-२०३ काकू: केशराचा असेल तर माझाही एक.

एच-३०३: आमचे दोन.

ए-१०२ काका: काट्याबरोबर एक रुमालही मागवून ठेवा.

मी: काका, पाचव्या रिसोट्टोनंतर बुकिंग तुम्ही करायचं.

एफ-४०४: माझा धरून पाच झाले.