सिमवाला मेश राऊटर घ्यावा का? (चिऱ्याचं घर, सत्तरी)

सत्तरीकर
वाळपईच्या पुढे आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं आणि मागे वाढवलेल्या खोल्यांवर पत्रे. फायबर आहे पण पावसात झाड पडलं की वायर तुटते आणि जोडायला माणूस कधी येईल देव जाणे. माझं काम घरूनच, त्यामुळे सिम घालता येतं असा मेश राऊटर (घरभर दोन-तीन डबे ठेवून एकच वायफाय देणारा) बघतोय, फायबर गेलं की आपोआप सिमवर जाणारा. ४जीवाला परवडतो, ५जीवाला बराच महाग. शिवाय चवथीला सगळे जमले की मागच्या खोलीत व्हॉट्सअ‍ॅप पण उघडत नाही. कोण वापरतंय का?

नेटवाला_फोंडा
आधी मोबाईल घेऊन घरभर फिर आणि सिग्नलचा आकडा बघ, डंडे नको बघूस. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली दिसतो. उणे ८५-९० असेल तर झकास, उणे ११० च्या पलीकडे गेला तर नाद सोड. अडचण अशी की मेशमध्ये सिम मुख्य युनिटातच असतं आणि फायबरची वायर पण त्यातच घालायची, म्हणजे जिथे फायबर उतरलंय तिथेच सिग्नल पाहिजे, आणि ती जागा बहुतेक पुढच्या खोलीत कोपऱ्यात टीव्हीमागे असणार. त्यापेक्षा वॅन पोर्ट (फायबरकडून येणारी वायर घालायची जागा) असलेला साधा सिमवाला राऊटर माडीवरच्या खिडकीत ठेव, फायबरच्या डब्यापासून तिथवर लॅन केबल ओढ, आणि साधा मेश त्याच्या मागे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लाव. उद्या ५जी घ्यावंसं वाटलं तर एकच डबा बदलायचा.

पेडण्याची
४जीवाला घेताना एक लक्षात ठेवा, फोनवर जे अनलिमिटेड ५जी मिळतं ते ४जी राऊटरला लागू नाही, रोजचे २ जीबी संपले की बसा हात चोळत. दोन व्हिडिओ मीटिंगांत उडतात. आणि ५जीवाला बाहेरून मागवणार असाल तर बँड (कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते) तपासा, जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, आहे, एन२८ आणि एन७८ दोन्ही लागतात. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, चिऱ्यातून त्यातल्या त्यात तोच आत येतो, जास्त फ्रिक्वेन्सीचा एन७८ भिंतीलाच दमतो.

सत्तरीकर
माडीवर उणे ८८, टीव्हीमागे उणे ११३ 😅 पण केबलसाठी भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की बाबा ऐकत नाहीत. मेश बिनवायरीच जोडला तर?

नेटवाला_फोंडा
मेशचं आपापसात चालेल, पण मधे दोन चिऱ्याच्या भिंती आल्या की स्पीड निम्म्याच्या खाली. भोक कशाला, वाश्यांच्या कडेने पट्टी मारून ने, कौलांखाली फट असतेच. बाहेरून जाईल तेवढी आउटडोअर कॅट ६ लॅन केबल घे, साधी उन्हापावसात टिकत नाही.

पेडण्याची
आणि वीज गेली की? इन्व्हर्टर नसेल तर फायबरच्या डब्याला, सिमवाल्याला आणि मेशच्या प्रत्येक युनिटला मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) लागेल. व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवर वाचून घ्या, सगळे १२ चे नसतात.