सल्ला हवा: सी मधला एकच कोड विंडोज, लिनक्स आणि मॅकवर, फायलींची नावं मराठीत

सातपूरकर
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो आणि द्राक्षांच्या वजनकाट्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी सी मध्ये लिहितोय. काट्याच्या डब्यात लिनक्स आहे, हिशेबनिसांच्या टेबलावर विंडोज, आणि भागीदार अहवाल मॅकवर बघतात. फायलींची नावं मराठीतच हवीत असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं, काट्यावरचा मुलगा नाव वाचूनच फाइल काढतो.

लिनक्सवर सगळं सुरळीत चालतं. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत बांधलं की अडतं. फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिरला दोन आर्ग्युमेंट दिली की तक्रार. दिवसाची फाइल तात्पुरत्या नावाने लिहून मग रीनेम करतो, ते पहिल्यांदा होतं आणि पुढच्या वेळी ‘फाइल आधीच आहे’ म्हणून नापास. ‘निफाड_आवक’ नाव दिलं तर फोल्डरात भलतीच लॅटिन अक्षरं दिसतात. जिथे अडलं तिथे इफडेफ (प्रणालीनुसार कोडचा तुकडा घेणारी किंवा गाळणारी अट) टाकत गेलो, आता सतरा फायलींत ते पसरलेत आणि माझं मलाच वाचवत नाही. लायब्ररी घ्यावी की स्वतः लिहावं?

गोदाकाठ
इफडेफ आजच थांबवा. एक हेडर करा आणि त्याच्या दोन सी फायली, एक पॉझिक्सची (लिनक्स आणि मॅक ज्या मानकाने चालतात ते), एक विंडोजची. कुठली बांधायची ते मेकफाइल ठरवेल. बाकी प्रोग्रॅमने एफओपन, रीनेम, स्टॅट यांना थेट हात लावायचा नाही.

हेडरमधल्या फंक्शनांची नावं मात्र सिस्टिमच्या फंक्शनांवरून घेऊ नका, तुमच्या गरजेवरून घ्या. तुम्हाला रीनेम नकोच आहे. ‘जुन्या फायलीच्या जागी नवी बसव, मध्येच वीज गेली तरी दोनपैकी एक शाबूत राहू दे’, हे हवंय. नवं नाव आधीच अस्तित्वात असेल तर रीनेमने काय करावं हे सी च्या मानकाने ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. जुनी फाइल बदलण्याची हमी पॉझिक्स देतं, मायक्रोसॉफ्टची लायब्ररी नकार देते. दोघंही नियमातच आहेत, म्हणून ‘रीनेम’ या शब्दावर विसंबायचं नाही.

विंडोजच्या बाजूला मूव्हफाइलएक्सडब्ल्यू वापरा, रिप्लेस-एक्झिस्टिंगचा फ्लॅग देऊन. त्याआधी डेटा खरोखर डिस्कवर उतरावा म्हणून दोन्हीकडे एफफ्लश, मग लिनक्सवर एफसिंक आणि विंडोजवर फ्लशफाइलबफर्स. मॅकवर नुसता एफसिंक पुरत नाही, डेटा ड्राइव्हच्या बफरमध्येच राहू शकतो. तिथे एफसीएनटीएलला एफ-फुलएफसिंक द्यावं लागतं. आपल्याकडे लोडशेडिंगचा काय भरवसा, ही पायरी गाळू नका.

विंडोजवर आणखी एक गोष्ट होईल. हिशेबनिसांनी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवली असेल किंवा अँटिव्हायरस ती तपासत असेल, तर बदलणं फसेल. थोडं थांबून चार-पाच वेळा प्रयत्न करा. तरीही नाही झालं तर ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे, बंद करा’ असं स्क्रीनवर मराठीत सांगा. जुनी फाइल आधी पुसून मग नवी बसवणं कधीही करू नका. मी ते केलंय आणि मधल्या क्षणी मशीन बंद पडून एका अख्ख्या दिवसाची आवक गेली.

नावांचं कारण वेगळं. देवनागरीसाठी जुनं एएनएसआय कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) विंडोजने दिलंच नाही, त्यामुळे साधा एफओपन तुमचे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) बाइट दुसऱ्याच लिपीचे समजून वाचतो. प्रोग्रॅमच्या आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा. विंडोजच्या सी फायलीत मल्टिबाइटटूवाइडकॅरने यूटीएफ-१६ करून डब्ल्यूएफओपन बोलवा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतची माहितीफाइल) यूटीएफ-८ मागता येतं, पण आवारात विंडोज ७ ची मशीनं अजून भेटतात, म्हणून मी रूपांतरच करतो.

एमकेडिरचं काम एका ओळीचं आहे, विंडोजच्या फायलीत मोडचं आर्ग्युमेंट सोडून द्या.

अंबड_एम्बेडेड
लायब्ररी हवीच असेल तर लिबयूव्ही, नोडजेएसच्या खाली चालते ती. विंडोजवरही नावं यूटीएफ-८ मध्ये घेते आणि रीनेम करताना जुनी फाइल बदलते. जीलिबसुद्धा हेच करते. पण पाच-सहा फंक्शनांसाठी मी असला डोलारा घेणार नाही, गोदाकाठ यांच्या मार्गानेच जाईन.

फायली बायनरी मोडमध्ये उघडता ना? विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये १० किमतीचा बाइट लिहिला की त्याचे दोन होतात आणि वाचताना २६ भेटला की फाइल संपली असं धरलं जातं. काट्याचं वजन तुम्ही एका बाइटात ठेवत असाल तर २६ किलोच्या क्रेटपाशी वाचन थांबेल.

सातपूरकर
धन्यवाद! टेक्स्ट मोडच होता. रीनेम आणि नावं दोन्ही मार्गी लागली, इफडेफ सगळे दोन फायलींत गेले. आता मॅकचं कोडं आहे. भागीदार जुन्या पोर्टेबल डिस्कवरून फायली देतात, त्यात ‘शेतकऱ्यांची_यादी’ डोळ्याला दिसते, यादीत येते, पण दोन नावं ताडून बघणारा एसटीआरसीएमपी जुळत नाही म्हणतो. ‘आवक’, ‘लिलाव’ मात्र जुळतात.

निफाडची_लेक
दादा, घोळ ‘ऱ्या’ मध्ये आहे. ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना ते फोडते, म्हणून परत वाचताना बाइट वेगळे येतात. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते. तुमची डिस्क बहुधा जुन्या पद्धतीची आहे. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एनएफसी रूपात (‘ऱ’ एकच चिन्ह म्हणून जोडलेला) आणा. यूटीएफ८प्रॉक नावाची छोटी सी लायब्ररी त्याला पुरते.

लांबीही तपासा. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘शेतकऱ्यांची’ बोलताना पाच अक्षरं, पण चिन्हं अकरा, म्हणजे ३३ बाइट. विंडोजची फाइलप्रणाली एनटीएफएस यूटीएफ-१६ ची २५५ एककं मोजतं, त्यामुळे विंडोजवर सहज बसलेलं लांब नाव काट्याच्या डब्यात बसणार नाही. ८५ चिन्हांच्या आत राहा, एक्स्टेन्शन धरून.

सातपूरकर
ताई, डिस्क एचएफएस प्लसच निघाली, आणि एनएफसी केल्यावर यादी जुळली. एक शेवटचं: ‘आवक_१०:३०’ नावाची फाइल विंडोजवर बनते, पण ‘आवक_१०’ एवढीच दिसते आणि आकार शून्य.

गोदाकाठ
कोलनमुळे. एनटीएफएसवर कोलननंतरचा भाग त्याच फायलीचा वेगळा प्रवाह समजला जातो, तुमचा डेटा तिथे लपलाय. पेनड्राइव्हवर कॉपी करण्याआधी बाहेर काढा, पेनड्राइव्हवरच्या फॅट फाइलप्रणालीवर तो प्रवाह जात नाही. वेळ ‘१०-३०’ अशी लिहा.